डावीकडे तीन बोटं

ॲथलोन, केप टाउन
२ मार्च १९९७

इग्शान,

काल मी फोन आपटला तो मुद्दाम आपटला. मागे तुझे जहाजवाले दोस्त फोनच्या रांगेत उभे राहून खिदळत होते, आणि तू मला म्हणतोस, "तीती, जरा हळू बोल, सगळे ऐकतायत." थोरल्या बहिणीचा आवाज ऐकायची लाज वाटते ना, मग आता वाच. यापुढे मी फोन करणार नाही, उचलणारही नाही.

गाडी वाकडी उभी राहते. एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंही तू ऐकून घेतलं नाहीस. गाडी खाली आणायच्या त्या नव्या स्प्रिंगा तू माझ्या गोल्फला बसवून गेलास. उजवीकडे ती झकास बसली आहे. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम जातात. डावीकडे तीन जातात आणि वर फट उरते. समोरून बघितलं की एका पायात चप्पल नसलेल्या बाईसारखी दिसते. लबरंगच्या, म्हणजे ईदच्या दिवशी नव्या कपड्यांच्या आणि केकच्या ताटांच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही, सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या आठवड्यात समोरची गलिमा दारात येऊन म्हणाली, "मायमूना, गाडीला लकवा मारला काय गं?" तेव्हापासून गल्लीतलं शेंबडं पोरही कमानीत बोटं घालून बघतं.

फॅक्टरीत बारा वर्षं लोकांच्या पँटींना चेन शिवून मी ती गाडी घेतली. आहे तशी मला आवडत होती. ती जमिनीला टेकवायचं खूळ तुझं. "तीती, नुसती बघत राहशील," म्हणाला होतास. बघतेच आहे.

आणि बुता याकूब, ज्यांना सगळी गल्ली थोरला भाऊ मानते, ते काय म्हणाले होते ते विसरलास? जूनमध्ये वॉल्विस बेच्या जहाजांवरचं काम सोडून आलास की क्लिपफाँटेन रोडवरच्या त्यांच्या वर्कशॉपमधलं स्प्रिंगांचं सगळं काम तुझं. अट एकच, "आधी बहिणीची गाडी कशी केली ते बघणार." तू शहाण्याने समोरच्या काचेवर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव चिकटवून ठेवलंयस. बुतांनी अजून गाडी बघितलेली नाही. मी ती उजव्या चाकांखाली फळी सरकवून उभी करते, म्हणजे रस्त्यावरून सरळ दिसावी. स्वतःच्या गाडीला मी चोरासारखी लपवते आहे, तुझ्यासाठी. आई गेल्यापासून तुझं घर म्हणजे माझंच घर, तू परत यावंस म्हणून माझा जीव तुटतो, आणि तू असलं काम करून पळून जातोस.

काय केलंस ते लिही.

मायमूना


वॉल्विस बे
११ मार्च

तीती, सलाम.

बघ, माणसं पत्र अशी सुरू करतात. एकदम बोकांडी बसत नाहीत.

तुझं पत्र मी जहाजाच्या पोटात बसून वाचलं, वर लोक पत्रा ठोकत होते. तुझाच आवाज वाटला.

आता कामाचं बोलू. मोजलं तेव्हा गाडीत कोण बसलं होतं? ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तू आत बसलेली असताना गलिमाने बोटं घालून बघितलं असेल, तर उजवी बाजू खाली जाणारच. त्यात माझ्या स्प्रिंगांचा काय गुन्हा? गेल्या दोन वर्षांत तू काही बारीक झालेली नाहीस. टाकी किती भरली होती? मागे तुझ्या नवऱ्याने, गनीफने, हत्यारांची पेटी टाकली होती का? आणि आपली गल्ली सपाट आहे असं तुला कोणी सांगितलं? पाऊस पडला की पाणी कुठे वाहतं ते बघितलंस तर कळेल.

सपाट जागा शोध. गाडी रिकामी ठेव. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप लावून मोज, बोटं घालून नाही. मग गाडी वळवून उलट्या तोंडाने उभी कर आणि पुन्हा मोज. तरी फरक आला तर मला सांग. नव्या स्प्रिंगा बसायलाही थोडे दिवस घेतात.

मी हे काम सात वर्षं करतोय, तीती. बुता याकूब मला उगाच बोलवत नाहीत. गलिमाच्या तोंडाला लागून तू माझ्या कामावर थुंकतेस याचं मला फार वाईट वाटलं. पोरांना पापा. गनीफला सलाम सांग.

इग्शान


ॲथलोन
२० मार्च

इग्शान,

मी जाडी आहे हे कळवायला तुला परदेशातून तिकीट लावावं लागलं? तुझ्या ताटात मी स्वतःच्या ताटातलं मटण काढून वाढलंय. म्हणून तू उंच झालास आणि मी आडवी.

मोजलं. पोरींच्या शाळेत नेटबॉलचं मैदान आहे, सिमेंटचं, तिथे रविवारी गाडी नेली. आत कोणी नाही, टाकी अर्धी, पेटी बाहेर. गनीफने टेप धरला, मी आकडे वाचले. गाडी वळवली, पुन्हा वाचले. मैदान सरळ आहे रे बाबा, गाडीच वाकडी आहे. डावी बाजू उंच ती उंचच, पुढचं चाक तर जास्तच.

आता मी विचारते आणि तू खरं सांग. गनीफ मला हे सांगायला तयार नव्हता. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "तुझा भाऊ आहे, मी कशाला बोलू? लबरंगचा चंद्र दिसला त्या रात्री तो गाडी फिरवायला घेऊन गेला होता. कुठेतरी फुटपाथला आपटली असेल. खालची चासी वाकली की स्प्रिंगा काय करणार?" डाव्या चाकाच्या रिंगेवर ओरखडा आहे, तोही त्याने दाखवला. ताजा आहे.

तू माझी गाडी ठोकलीस, रंगसफेदी करून उभी केलीस, माझ्या हातच्या बिर्याणीवर ताव मारलास आणि बसमध्ये बसून निघून गेलास. ठोकलीस याचा मला राग नाही. लोखंड आहे, वाकतं. पण माझ्या तोंडावर, "तीती, एकदम मस्त झालीय," असं म्हणालास, आणि मी ते सगळ्या फॅक्टरीत सांगत फिरले.

खरं लिहून पाठव. नाहीतर ती फळी मी काढते, आणि गाडी तुझ्या नावासकट बुता याकूबांच्या दारात नेऊन उभी करते. मग बघू.

मायमूना


वॉल्विस बे
२९ मार्च

तीती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी काय पोरगा आहे का, बरणी फोडून लपवायला?

चंद्राच्या रात्री मी गाडी फिरवली? त्या रात्री तुझी गाडी मागच्या अंगणात जॅकवर होती, डावं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. तीन चाकांची गाडी घेऊन मी कुठला फुटपाथ ठोकणार होतो ते तुझ्या नवऱ्याला विचार.

झालं काय ते ऐक, आणि या वेळी नीट ऐक. रमजानचा एकोणतिसावा उपास होता. आभाळ भरलेलं होतं. मी म्हटलं, आज चंद्र काही दिसत नाही, उद्याचा तिसावा उपास होणार, म्हणजे मला अजून एक दिवस मिळणार. म्हणून आरामात चाललो होतो. उजवी बाजू पुरी केली. डावीकडे स्प्रिंग बसवली, चाकाच्या खालच्या आडव्या दांड्यात नवे रबरी बुश घातले, त्यांचे बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले. तेवढ्यात सी पॉइंटच्या समुद्रकाठी चंद्र बघायला उभे असलेल्यांना ढगाच्या फटीत तो दिसला. रेडिओवर सांगितलं, आणि आपल्या गल्लीत काय गोंधळ उडाला ते तुला आठवत असेल. उद्याच लबरंग! तू तळणीपाशी ओरडत होतीस, पोरींचे कपडे शिवून व्हायचे होते, आणि मला तकबीर म्हणायला मशिदीत जायचं होतं.

जाताना मी गनीफला सांगितलं, "बाबा रे, डाव्या बाजूला हात लावू नकोस. या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन तिच्यावर असताना कसायचे असतात. जॅकवर लटकलेली असताना कसले तर रबर तिथेच चिमटून बसतं आणि गाडी त्या बाजूला वर धरून ठेवतं. मी सकाळी नमाजानंतर करतो."

सकाळी आलो तर अंगण रिकामं. तू पोरांना घेऊन सलाम करत फिरायला निघालेली. संध्याकाळी मी गनीफला विचारलं. तो म्हणाला, "चाकं खाली ठेवूनच कसले, तू म्हणालास अगदी तसेच." बोल्ट घट्ट होते. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी बस होती. मी विश्वास ठेवला. माझी चूक एवढीच.

आता गनीफला विचार, त्याने ते कसे कसले. माझ्या बाजूला एकदा तरी उभी राहा.

इग्शान


ॲथलोन
८ एप्रिल

इग्शान,

नुसते हाताने फिरवून ठेवले.

हे तू स्वतःच्या अक्षरात लिहिलंस. माझ्या पोरी मागे बसल्या होत्या. मावशी पुढे बसली होती मांडीवर केकचं ताट घेऊन. आम्ही मॅनेनबर्गला गेलो, लान्सडाउनला गेलो, हायवेवरून मिचेल्स प्लेनला गेलो. आणि चाकाचे बोल्ट तू हाताने फिरवून मशिदीत निघून गेलास! सांगितलंस कोणाला? गनीफला. मला नाही, जिची गाडी, जी चालवणार, तिला नाही. "ते बायकांना काय कळतंय" म्हणून ना?

तुझं पत्र मी गनीफला वाचून दाखवलं. तो जेवत होता. ताट बाजूला सारून त्याने कुराणावर हात ठेवला. म्हणाला, "मी त्या गाडीला पाना लावलेला नाही. तो मला काही बोललेला नाही." पोरींसमोर म्हणाला. आता माझ्या घरात एक माणूस कुराणावर हात ठेवतो आणि दुसरा हजार मैलांवरून त्याला खोटं पाडतो. मी कोणावर विश्वास ठेवू? जो समोर आहे त्याच्यावर ठेवला.

मी फळी काढली. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर सगळे बाहेर पडत होते, तेव्हा गाडी बुता याकूबांच्या वर्कशॉपसमोर नेऊन उभी केली, तोंड रस्त्याकडे, तुझं नाव सगळ्यांना दिसेल अशी. पोरं गोळा झाली. कोणीतरी मान तिरकी करून नाव वाचायचं सोंग केलं आणि सगळे हसले. बुता हात पुसत बाहेर आले. आधी उजवीकडे वाकले, मग डावीकडे. तीन बोटं घातली. "हे इग्शानने केलं?" म्हणाले. मी म्हटलं, "काचेवर लिहिलंय ना." ते नुसते हं म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर मी रोज तिथून जाते. सॉल्ट रिव्हरला फॅक्टरीत जायला तो रस्ता लांब पडतो. तरी जाते, हळू जाते. तुला झोंबलं पाहिजे.

मायमूना


वॉल्विस बे
१७ एप्रिल

मायमूना,

बुता याकूबांचा निरोप आला. जूनची जागा त्यांनी ग्रासी पार्कच्या एका माणसाला दिली. म्हणाले, स्वतःच्या बहिणीची गाडी ज्याला सरळ उभी करता आली नाही, त्याच्याकडे मी गिऱ्हाइकं कशी सोपवू? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

जॅकवरच्या तीन चाकांचं तू एका शब्दाने विचारलं नाहीस. तुला पत्रातलं जेवढं हवं होतं तेवढं वाचलंस.

मी आता काही समजावत बसणार नाही. तुला खरं बघायचं असेल तर एक काम कर. मी प्रत्येक बोल्ट कसून झाला की त्याच्या डोक्यावरून एक रेघ ओढतो, म्हणजे नंतर तो हलला तर कळतं. गेली सात वर्षं ती रेघ मी तुझ्या लाल नेलपॉलिशने ओढतोय. बाटल्या संपतात म्हणून तू थोरल्या पोरीला थापडा मारायचीस. त्या थापडा माझ्या होत्या, तिला सांग. गाडीखाली टॉर्च घेऊन जा. उजवीकडच्या बोल्टांवर लाल रेघ आहे. डावीकडे बघ.

मग गाडीची चारही चाकं जाड फळ्यांवर चढव. जॅक नको. वजन चाकांवरच राहिलं पाहिजे. हँडब्रेक ओढ, चाकांना विटा लाव. डाव्या दांड्याचे दोन्ही बोल्ट ढिले करायला सांग. बोनेटवर जोर देऊन गाडी चारपाच वेळा खालीवर कर, आणि मगच पुन्हा कस. चासी वाकलेली असेल तर गाडी तशीच वाकडी राहील आणि मी खोटा. खाली बसली तर तुला काय समजायचं ते समज.

पाना कोणाच्या हातात द्यायचा तेही तू ठरव.

उत्तर पाठवायची गरज नाही.

इग्शान


ॲथलोन
४ मे, रविवार

इग्शान,

टॉर्च घेऊन मी स्वतः गेले. तुझी ती खाली आणलेली गाडी आणि माझी ही आडवी कुडी, अर्धं अंग खाली आणि अर्धं अंगणात, गलिमा पाय धरून होती बाहेर ओढायला. उजवीकडे लाल रेघ. माझा लाल रंग, जो मी माझ्या निकाहच्या वाढदिवसाला लावते, तोच. डावीकडे नुसतं लोखंड, आणि बोल्टाच्या कडा पाना घसरून खरवडलेल्या. तुझा पाना घसरत नाही, हे मलासुद्धा माहीत आहे.

मी तिथेच पडून राहिले. गलिमा वरून विचारत होती, "काय गं, मेलीस का?"

मी कोणाला काही बोलले नाही. आज सकाळी तळलेले, पाकातले गोड कुसिस्टर आणायला अख्खी गल्ली रस्त्यावर असते, ती वेळ धरली. गाडी फळ्यांवर चढवली, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. विटा लावल्या. आणि पाना गनीफच्या हातात दिला.

"मी? मला यातलं काय कळतं?" म्हणाला.

"दोन बोल्ट ढिले कर. इग्शानने लिहिलंय कसं करायचं ते. मी वाचते, तू कर."

"माझी कंबर..."

"खाली हो, गनीफ."

झाला. इग्शान, तो सरळ त्या दोन बोल्टांकडे गेला. मी अजून कोणते ते सांगितलंही नव्हतं.

पहिला सुटला तेव्हा काही झालं नाही. दुसरा फिरला आणि गाडी कुरकुरली, म्हातारं माणूस खुर्चीत बसताना करतं तसं. मी बोनेटवर दोन्ही हात टेकले आणि माझं सगळं वजन टाकलं. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी खाली आली. डोळ्यांदेखत आली. गलिमाने साखरेने चिकट झालेली बोटं कमानीत घातली आणि ओरडली, "दोन! दोनच जातायत!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. गनीफ गाडीखालून बाहेर येईना. मी पायाने त्याच्या पायाला ढोसलं आणि म्हटलं, "आता कस. नीट कस. मग घरात ये."

घरात आला. मी विचारलं, कुराणावर हात का ठेवलास? म्हणाला, "सगळीकडे इग्शान, इग्शान. या घरात दिवा लावला तरी इग्शाननेच लावला. लबरंगच्या आदल्या रात्री तुम्ही सगळे आपापल्या कामात होता, मी म्हटलं आपण पुरी करून टाकू. सकाळी भावांना सांगितलं की गाडी मी खाली आणली. त्यांनी पाठ थोपटली. माझी पाठ कोणी कधी थोपटत नाही, मायमूना. मग ती वाकडी निघाली. आता काय सांगणार होतो?"

रिंगेवरचा ओरखडाही त्याचाच. चाक चढवताना पाना घसरला होता.

मला त्याची कीव आली असती. पण पोरींसमोर कुराणावर हात ठेवला त्याने. आजपासून तो पुढच्या खोलीत झोपेल आणि स्वतःचं ताट स्वतः वाढून घेईल. मी त्याला म्हटलं, बुता याकूबांकडे तू स्वतः जाशील आणि जुम्याच्या गर्दीत सांगशील. त्याने होकार दिलाय. पोटात दुखतंय म्हणून गेल्या शुक्रवारीसुद्धा नमाजाला गेला नव्हता, त्यामुळे बघू.

तो खोटं बोलला ते घरात, चार भिंतींत. गावभर फिरवली ती मी. तीन चाकांचं मी वाचलं होतं रे. वाचून पुढे गेले. मला इतका राग आला होता की कोणीतरी चुकलेला असणं भाग होतं, आणि तू लांब होतास.

मी बुतांकडे जाऊन येते. मग लिहिते. तू घाईने तिथल्या कामाच्या नव्या करारावर सही करू नकोस.

तुझी तीती


ॲथलोन
२२ जून

इग्शान,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. त्याच्यानंतर दोन पाठवली, त्यांनाही नाही. जून संपत आला. तुझी खोली मी झाडून ठेवली होती. बंदरावरून आलेला तुझा दोस्त जमील मशिदीबाहेर भेटला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "तो नाही येणार, त्याने अजून दोन वर्षांची सही केली." मी त्याच्यावरही ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

गनीफ अखेर गेला. मी त्याच्या मागे उभी होते. त्याने बुतांना सांगितलं, इतक्या हळू सांगितलं की मी म्हटलं, "मोठ्याने." मग मोठ्याने सांगितलं. कामाची माणसं पाने खाली ठेवून ऐकत होती. बुता म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मी म्हटलं, "मग इग्शानची जागा?" त्यांनी आत बोट दाखवलं. ग्रासी पार्कचा माणूस गाडीखाली होता, नुसते बूट दिसत होते. "त्याला दोन लेकरं आहेत, मायमूना. आता त्याला काय म्हणून काढू?" मी तिथे नको ते बोलले. बुतांना बोलले, त्या बुटांना बोलले. मग बाहेर येऊन गाडीत बसले आणि हॉर्नवर डोकं टेकलं, तो वाजत राहिला.

मी ठरवलं, वाकडी फिरवली तशी सरळ फिरवणार. त्याच रस्त्याने, तेवढीच हळू, तुझं नाव तसंच काचेवर. काच मी रोज पुसते. गाडी अशी सुंदर बसली आहे, दोन्हीकडे दोन बोटं, एक केसाचा फरक नाही. वर्कशॉपसमोर मी मुद्दाम थांबते. काचा खाली करते. एकदा हॉर्न दिला तर एक पोरगं म्हणालं, "आंटी, पुढे घ्या, ट्रक मागे यायचाय."

कोणी बघत नाही, इग्शान. तेव्हा मान तिरकी करणारे, हसणारे, सगळे तिथेच असतात, त्याच भिंतीला टेकून चहा पीत. एकही मान वळत नाही. सरळ गाडीत काय बघायचं त्यांना? जी वाकडी बघितली तीच त्यांच्या डोक्यात आहे, आणि तिच्यावर तुझं नाव आहे. काल मी गाडीतून उतरून एकाला हाताला धरून आणलं, म्हटलं, "बोटं घालून बघ." त्याने घातली, माझ्याकडे जरा घाबरून बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे की." आणि गेला.

तू म्हणाला होतास, उत्तर पाठवायची गरज नाही. मी पाठवतेच आहे. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तू करू नयेस. मला जाडी म्हण. बहिरी म्हण, आंधळी म्हण. फोन कर आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरड, मी नाही आपटणार. पण हे गप्प बसणं बंद कर. इतक्या लांबून तुझा राग पोचला तरी चालेल मला.

शिव्या घाल, पण लिही.

तीती